माझ्या मायची तहान

“आणि त्या नम्र स्त्रीने ओंजळीतले पाणी कृतज्ञतेने प्राशन केले!”

व्यासपीठावरून पाळकसाहेब गरजले. पुढच्या बाकावरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शेजारी बसलेल्या मायनं मला कोपर मारलं.

“हे कोन बाई वं?”

“तूच.”

“म्या कवा पेलं पानी?”

गुड फ्रायडे होता. क्रुसावरचे येशूचे सात उद्गार, त्यांवर सात वक्ते. पाचवा उद्गार, ‘मला तहान लागली आहे’, दरवर्षी पाळकसाहेबांचा. आणि त्यांच्या हातातला कागद दरवर्षी माझा.

सहा वर्षांपूर्वी मीच बोलायला मागितलं होतं. गोष्ट सांगावी तर मी. बाजारात मी तोंड उघडलं की भाजीवाली वजन करायची थांबते. पाळकसाहेब गोड हसले. “दान आहे ताई तुमच्याकडे. पण भाषा गावंढळ. दान देवाचं, त्यात आपलं नाव कशाला? नम्रपणे लिहून द्या, मी बोलतो.” येशू काय पुण्याचा होता का, हे ओठांवर आलेलं मी गिळलं. लिहीत राहिले.

या वर्षी मायची गोष्ट लिहिली. दुसरबीडकडच्या एका शेतात ती निंदायला गेलेली. भर उन्हात पाणी मागितलं. लोटा बाटू नये म्हणून मालकानं हातभर उंचावरून धार सोडली. मायनं ओंजळ भरू दिली, पाणी त्याच्याच पायांवर फेकलं आणि तशीच तीन कोस चालत घरी आली. त्या दिवशी तिच्याकडे स्वतःचा असा एक रागच होता. पाळकसाहेबांनी तोही पुसला. वर तिला कृतज्ञ केलं.

मी उभी राहिले.

“पाळकसाहेब, ते बाई इथंच बसेल हाये. तिनं पानी पेलं नाही. मालकाच्या पायावर फेकलं.”

त्यांनी माइकवर हात ठेवला. “ताई, खाली बसा. नम्रता ठेवा.”

“ठेवली ना सा वर्सं! तेच तर वाचून राह्यले तुमी.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी पुढे गेले, त्यांच्या हातातून कागद घेतला आणि मायला घेऊन बाहेर पडले.

देवापुढे माझी मान खालीच आहे. हा आवाज त्यानं दिला, मी कमावला नाही. म्हणूनच तो गहाण टाकायचा हक्क मला नाही. पुढच्या गुड फ्रायडेला पाचवा उद्गार मी बोलणार. वऱ्हाडीत. व्यासपीठ दिलं तर तिथून, नाही दिलं तर दाराच्या पायरीवरून. लिहून मात्र कुणालाच देणार नाही.