मावशीची खुर्ची

मावशी खुर्ची उचलून वर्गाच्या दाराबाहेर ठेवत होती. शाळेत स्वमग्न पोरांजवळ बसून त्यांना सांभाळायचं, हेच तिचं काम. पहिल्यांदा ती ठमी नावाच्या पोरीला अगदी खेटून बसायची. मग बाई म्हणाल्या, "हळूहळू लांब सरका, म्हणजे पोर एकटी बसायला शिकेल." सरकत सरकत मावशी भिंतीला टेकली आणि आज थेट व्हरांड्यात आली.

ठमीनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. समोरच्या कपाटाकडं बघायची, गणित करायची, परत कपाटाकडं बघायची.

"बघा मावशी, जमलं की हिला!" बाई म्हणाल्या.

"जमलं हो. पण एकदा तरी वळेल का कार्टी? किती चावे खाल्लेत मी हिचे!" मावशी हसली आणि नाक ओढत दुसरीकडं बघायला लागली.

पोर तयार झाली म्हणजे मावशीचं काम संपलं. मावशीला दुसऱ्या शाळेत पाठवलं. तिथं ती सगळ्यांना सांगायची, "पोटच्या पोरीसारखं केलं, पण तिच्या लेखी मी कोण? हवा!" हेच म्हणत म्हणत ती त्याच वर्षी वारली.

इकडं मावशी शाळा सोडून गेली त्या दिवसापासून ठमी वर्गात किंचाळायची. सगळे म्हणायचे, अभ्यास वाढलाय ना, म्हणून. कुणाच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

खूप नंतर बाई सहज ठमीच्या बाकावर टेकल्या आणि त्यांनी वर पाहिलं. कपाटाच्या काचेत व्हरांड्यात अजून तशीच पडलेली मावशीची खुर्ची लख्ख दिसत होती.