आईची नागीण

आईला नागीण झाली ती कमरेवर, लुगड्याची गाठ बसते नेमकी त्या जागी. पाठीच्या कण्यापासून डाव्या कुशीवरून बेंबीपर्यंत फोडांचा पट्टा. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. कोल्हापुरात पेठेतल्या माझ्या माहेरी तेव्हा एक म्हैस होती. गोठा रस्त्यालगत. रतिबाची गिऱ्हाइकं सकाळी भांडी घेऊन समोर उभी राहायची. धार आई काढायची. वडील गेल्यावर घरात तिचा शब्द चालायचा तो या म्हशीच्या जोरावर.

भावानं तिला आधी गेरूचा लेप लावणाऱ्या माणसाकडं नेलं. गल्लीतली निम्मी माणसं तिकडंच जात. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस संपतं, एवढंच सगळ्यांना माहीत. शेजारणी रोज येऊन किती अंतर उरलंय ते बघून जायच्या. मला कळवलं तोवर आठवडा उलटला होता. मी शिवणाचं दुकान बंद केलं, आईला रिक्षात घातलं आणि डॉक्टरांकडं नेलं.

"लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का, आजी?" डॉक्टरांनी विचारलं.

"आल्या की. घरात सगळ्यांस्नीच."

"हा तोच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो नसांच्या मुळाशी दबून राहतो. वय झालं, अंगातली ताकद कमी झाली की उठतो. एका बाजूची नस धरतो, म्हणून तोंड-शेपूट काही जुळत नाही."

"एवढी वर्षं आत बसलाता?" आई म्हणाली. "आन् भाडं?"

डॉक्टर हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू व्हायला हव्या होत्या. फोड वाळतील. दुखणं मागं राहू शकतं.

फोड वाळले. दुखणं राहिलं. कापड नुसतं टेकलं तरी निखारा ठेवल्यासारखं होई. लुगडं नेसायला घेतलं की ती अर्ध्यात सोडून द्यायची. मी सैल सुती गाऊन शिवून दिला. तो ती घरात घालायची, पण गोठ्याकडं जायची नाही.

"पेठंत जलम गेला माझा. गाऊनवर रस्त्यात बसू व्हय?"

त्यातच भावाच्या धाकट्या मुलीला कांजिण्या आल्या. ती आजीला चिकटून झोपायची. नागिणीच्या फोडांतून लहान मुलांना कांजिण्या होतात, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. पोर तापानं मलूल पडलेली, आई तिचे खाजवणारे हात धरून बसलेली. मला बघून तिनं विचारलं, "हिच्यातबी बसंल का त्यो?"

"बसेल," मी म्हणाले. खोटं सांगून काय मिळणार होतं? आईनं पोरीचं पांघरूण सारखं केलं.

धार आता वहिनी काढत होती. म्हैस पान्हा चोरायची. ओळखीचा वास यावा म्हणून वहिनी आईचं लुगडं अंगावर गुंडाळून बसायची. तेवढ्यानं चार दिवस निभावलं, मग लाथा सुरू झाल्या. कास एका बाजूनं कडक झाली.

"इकूया," भाऊ जेवताना म्हणाला. "गिऱ्हाईक हाय. आई, तुझ्यानं आता हुईत न्हाय."

आईनं ताट सरकवलं आणि उठून गेली. मी तिथंच होते. तिचं ताट मी उचललं. भाऊ खोटं बोलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्या द्यायला गेले, तर आई गोठ्यात उतरत होती. अंगात गाऊन, खांद्यावर टॉवेल. रस्त्यावरची बोलणी थांबली. जुन्या ओळखीचा एक जण म्हणालाच, "आक्का, आज मॅक्सीवर?"

"दूध न्यायला आलायस का कापड बघायला? भांडं धर की."

म्हशीनं हुंगलं आणि मागं सरली. आईनं तिच्या पाठीवर थाप मारली, दोन शिव्या दिल्या. मग गुडघ्यांत बादली धरून खाली बसली. वाकल्यावर कापड कमरेला टेकलं असणार. तिनं डोळे मिटले, ओठ दाताखाली धरले. थोड्या वेळानं म्हशीनं पान्हा सोडला. अर्ध्यात आईचे हात थांबले. ती नुसतीच श्वास घेत राहिली. वहिनी पुढं झाली.

"मी काढू का, आत्ती?"

"हितं बस, माझ्या बाजूला. तुझा हात ठेव, वर माझा ऱ्हाऊ दे. तिला तुझा हात कळाय पायजे. माझं ह्ये दुखणं लवकर जाईत न्हाय."

त्या दोघींनी मिळून धार संपवली. म्हैस पुढंही विकली नाही. कडेला उभ्या असलेल्या भावाला आईनं गिऱ्हाइकांना दूध घालायला सांगितलं, आणि तो मुकाट्यानं घालू लागला.

आत येऊन ती कॉटवर आडवी झाली. चेहरा पांढरा पडला होता. मी पाणी आणि गोळी दिली. गोळी गिळून ती म्हणाली, "आनी दोन शीव. गडद रंगाचं. त्येच्यावर श्याण दिसत न्हाय."