स्लॅबचं पाणी

स्लॅब या शब्दाचा मला आजही राग येतो. आर्किटेक्ट बाईनं असं बोलू नये, पण मी बोलते. बहात्तरच्या दुष्काळात पारनेरकडच्या एका गावानं स्लॅबपायी जे केलं, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

मी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडले होते आणि नगरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कामाला लागले होते. मालकांकडे एकच नकाशा होता. बँक असो, सोसायटी असो, शाळा असो, पुढं वाकडा पोर्च आणि वर स्लॅब. गिऱ्हाईक बदललं की पाटीवरचं नाव तेवढं बदलायचं. याला ते आधुनिक दृष्टी म्हणायचे. खोलीत वारा कुठून येणार, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पंख्यातून." गावोगावी अजून वीज आलेली नव्हती, ती गोष्ट निराळी.

त्यांना नको असलेलं एक काम माझ्या गळ्यात पडलं. पारनेरकडच्या त्या गावात बाळंतपणासाठी एक खोली बांधायची होती. तिथल्या नर्सबाई कित्येक वर्षं शाळेच्या ओसरीवर लुगड्याचा आडोसा करून बायकांना मोकळं करत होत्या. अलीकडे पोरं पाढे म्हणताहेत आणि पलीकडे बाई कळा देतेय, असा सगळा कारभार. नर्सबाई पन्नाशीच्या, बोलायला तुसड्या. पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या, "मला दार लागणारी खोली द्या. शोभेचं काय असेल ते तुमच्याकडेच ठेवा." बाई मला तिथल्या तिथं आवडल्या.

मी जीव ओतून नकाशा काढला. दुष्काळी कामावर फोडलेला दगड गावाबाहेर ढिगानं पडला होता. त्याच्या जाड भिंती, मातीत रचलेल्या. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळया आणि त्यांवर चोपलेली पांढरी माती, गावातल्या घराघरावर होतं तसंच. भर उन्हाळ्यात आत गार. बाहेर लिंबाखाली सोबतीच्या बायकांना बसायला कट्टा. बांधणारे हात गावचेच. आणि मुख्य म्हणजे याला पाणी जवळपास लागतच नव्हतं. विहीर कोरडी ठाक पडली होती. टँकर एक दिवसाआड यायचा, विहिरीत पाणी ओतायचा आणि बायका ते शेंदून घ्यायच्या.

सरपंचांनी नकाशा पाहिला. म्हणाले, "हे तर आमच्या घरावानीच दिसतंय."

"तसंच काढलंय," मी म्हणाले.

"मग त्यात सरकारी काय हाय?"

खरं दुखणं वेगळंच होतं. शेजारच्या गावात सोसायटीच्या इमारतीवर स्लॅब घातला होता. "त्यांनी स्लॅबखाली बसायचं आन् आमी मातीखाली व्हय?" असं सरपंच विचारत होते, आणि जन्मभर मातीखाली सुखानं घोरलेली सगळी पंचायत माना डोलवत होती.

मग बांधकाम खात्याचे इंजिनिअरसाहेब जीपमधून आले. उद्घाटनाला मंत्री येणार होते, म्हणून साहेबांनाही स्लॅबच हवा होता. मंत्र्यानं मातीच्या छपराखाली फीत कापायची म्हणजे साहेबांची बढती मातीत. मी सांगून पाहिलं की काँक्रीट टाकलं की त्यावर तीन आठवडे पाणी उभं ठेवावं लागतं, नाहीतर ते तडकतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? साहेब म्हणाले, "टँकर आहे ना." मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण असल्या माणसांना चेष्टा कुठली जमायला. मालकांनी माझा नकाशा बाजूला सारला आणि आपला नेहमीचा, पोर्चवाला, एका दुपारीत उतरवून दिला. लिंब पोर्चच्या आड येत होता, तो तोडला.

स्लॅब पडला त्या दिवशी नारळ फुटला, गुलाल उधळला, मजुरांना जिलेबी वाटली. घरात नाही दाणा आणि म्हणे हवालदार म्हणा. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर मातीची आळी बांधली, वाफ्यासारखी, आणि त्यांत पाणी भरायला सुरुवात झाली. टँकर आला की आधी स्लॅब, उरलं तर विहीर. पाणी वर चढवायला बिगारी म्हणून लावल्या त्या गावच्याच बायका. डोक्यावर हंडा घेऊन शिडी चढायची, पाणी सिमेंटवर ओतायचं आणि संध्याकाळी घरी रिकाम्या रांजणाकडं बघत बसायचं. हे ज्यांनी ठरवलं ते सगळे शिकलेसवरलेले होते. मला त्यांची कीव आली नाही, किळस आली.

आठवडाभरानं मी कामावर गेले तेव्हा साहेब आणि सरपंच खाली सावलीत चहा घेत होते. शाळेच्या ओसरीवर लुगडं बांधलेलं होतं आणि आतून कण्हण्याचा आवाज येत होता. पहिलटकरीण होती. नर्सबाई बाहेर आल्या. विहिरीत टिपूस नव्हता, टँकर उद्या यायचा होता; स्लॅबसाठी पिंपात राखलेलं कालचं शेवटचं पाणी बिगारी बायका वर चढवत होत्या.

"साहेब, वरचं दोन हंडे पाणी घेते," त्या म्हणाल्या.

साहेबांनी कप खाली ठेवला नाही. "स्लॅब तडकला तर जबाबदार कोण?"

"आणि बाई गेली तर?"

सरपंच म्हणाले, "आवं, आमच्या बायका वावरात बाळंत झाल्यात. पान्यावाचून कुनी अडलं न्हाई."

नर्सबाईंनी पांढऱ्या पातळाचा पदर खोचला, बादली उचलली आणि शिडी चढल्या. ते पाहून बिगारी बायकांतल्या एकीनं आपला भरलेला हंडा वर न नेता सरळ ओसरीकडं वळवला, आणि बाकीच्या रिकामे हंडे घेऊन शिडीला लागल्या. साहेब ओरडत राहिले. मी शिडी धरून उभी होते. खोटं कशाला बोलू, इतकं समाधान मला पुढं कुठल्याच इमारतीवर मिळालं नाही.

ते पाणी गढूळ, सिमेंटचं. नर्सबाईंनी ते फडक्यानं गाळलं, उकळलं. दिवस कलायच्या आत मुलगी झाली. आई नि लेक दोघी धडधाकट. तोवर आळी कोरडी झाली होती आणि गावात बऱ्याच चुली पेटल्या होत्या.

स्लॅब तडकला. तडकणारच होता. साहेबांनी वर कळवलं की नर्सबाईंच्या चिथावणीनं सरकारी पाण्याची चोरी झाली. महिन्याभरात नर्सबाईंची बदली झाली, राहात्याकडं, कालव्याच्या गावात. जिथं पाणी होतं आणि दवाखानाही होता, तिथं बाईंना पाठवलं. गावाला त्यांच्या जागी दुसरी नर्स दिली नाही. मी मालकांना म्हटलं, आपण काहीतरी बोलायला हवं. ते म्हणाले, "आपलं काम इमारतीचं. माणसं पुरवणं आपल्याकडं नाही." त्या महिन्याचा पगार घेतला आणि मी ती नोकरी सोडली.

उद्घाटनाला मात्र गेले. मंत्री आलेच नाहीत, कुणी दुय्यम पुढारी आला. भेगा चुन्यानं बुजवल्या होत्या. भाषणं झाली, माताभगिनींचा उद्धार झाला, पोर्चखाली फोटो निघाले आणि जीपगाड्या धुरळा उडवत निघून गेल्या. मग ओसरीवर बाळंत झालेली ती पोरगी आली. कडेवर लेक, लेकीच्या अंगात ताप, डोळे मिटलेले. खोलीचं दार उघडंच होतं. तिनं आत डोकावलं. नवीन खाट, भिंतीवर हार घातलेली तसबीर, बाकी कुणी नाही.

"नर्सबाई कुठं हायती?" तिनं मला विचारलं.

"त्यांची बदली झाली."

"मग दुसरं कोन?"

"कुणी नाही."

तिनं पोरीच्या कपाळावर हात ठेवला. "मग हितं हाय काय?"

"स्लॅब आहे," मी म्हणाले.

तिनं मान वर करून तो पाहिला. मग पोरीचं डोकं पदरानं झाकलं आणि दवाखान्यासाठी सुप्याच्या वाटेला लागली.