गाडी पास, माणूस नापास

वाहन परवाना कार्यालयातल्या परीक्षक बाईंना मागून सगळे 'नापासबाई' म्हणत, आणि बाईंनाही ते ठाऊक होतं. चोवीस वर्षं शिकाऊ चालकांच्या शेजारी बसून त्यांनी परीक्षा घेतल्या, पण कुणाचा मुलाहिजा ठेवला नाही. सख्ख्या दिराला दोनदा नापास केलं, तेव्हा त्याने वर्षभर घराची पायरी चढली नाही. जाऊबाईंनी मात्र गुपचूप निरोप धाडला होता, बरं केलंत म्हणून. दिराच्या शेजारी गाडीत बसताना जाऊबाईंचाच जीव मुठीत असायचा.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना आपोआप चालणाऱ्या गाड्यांच्या चाचणीचे नियम आले. ऐंशी पानांचं पुस्तक. संध्याकाळी बाई इस्त्री करायच्या आणि नवरा खुर्चीत बसून ते मोठ्याने वाचून दाखवायचा. कंपनीला रस्त्यावर चाचणी करायची तर परवानगी हवी, चालकाच्या जागी परवाना असलेला माणूस हवा, आणि गाडीने इशारा दिला की त्याने चार सेकंदांत ताबा घ्यायला हवा. नवरा म्हणाला, इतके दिवस माणसं तुझ्या नावाने बोटं मोडत होती, आता गाड्यांनी मोडायची तर त्यांना बोटंही नाहीत.

पहिली गाडी आली ती एका नव्या कंपनीची. चालकाच्या जागी कंपनीचा इंजिनियर, शेजारी बाई, मागे व्यवस्थापक. गाडी गुणाची होती. सायकलवाल्याला वाट दिली, आडव्या आलेल्या कुत्र्यासाठी हळूच थांबली. चोवीस वर्षांत इतकं नीट वळण घेणारा उमेदवार बाईंनी क्वचितच पाहिला होता. दीड तासाने त्यांनी न सांगता हातातलं, परीक्षकाला दिलेलं इशाऱ्याचं बटण दाबलं. इंजिनियर खिडकीबाहेर बघत होता. गाडी ताब्यात घ्यायला त्याला अकरा सेकंद लागले.

व्यवस्थापक म्हणाला, पुन्हा घ्या. पुन्हा घेतलं, तर तीन सेकंद. मग हाच आकडा लिहा, असा त्याचा आग्रह सुरू झाला.

"आता त्यांना माहीत होतं," बाई म्हणाल्या. "पहिलाच धरायचा."

कार्यालयात साहेबांनी कपाळाला हात लावला. अर्जात रकाने होते ते गाडीचे. माणसाकडे परवाना आहे म्हटल्यावर त्याची वेगळी परीक्षा कशाला, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी शेऱ्याच्या जागी लिहिलं: गाडी पास, माणूस नापास. परवानगी अडकली. बाईंना प्रत्येक कामात खोडा घालायची सवयच आहे, असं कंपनीने वरपर्यंत कळवलं.

बाईंना ते लागलं. पण त्याहून जास्त टोचत होता तो इंजिनियर. पोरगा आळशी नव्हता, चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांनी साहेबांना सांगून आणखी एक फेरी मागून घेतली. या वेळी चालकाच्या जागी त्या स्वतः बसल्या आणि बटण इंजिनियरच्या हातात दिलं.

पहिला अर्धा तास त्या ताठ बसून होत्या. गाडी आपली चालत राहिली, थांबत राहिली. करायला काहीच नव्हतं. तासाभराने डोळे रस्त्यावर होते, पण मन घरी पोचलं होतं, नळ गळतोय त्याला प्लंबर कधी बोलवायचा याचा विचार करत. इशारा वाजला आणि बाई दचकल्या. इंजिनियरने घड्याळ नुसतं पुढे केलं. सात सेकंद.

"मीही नापास," बाई म्हणाल्या. मग विचारलं, "तुम्ही रोज किती तास बसता?"

"दहा. चार महिने झाले."

बाईंनी दुसरा अहवाल लिहिला, त्यात स्वतःचे सात सेकंदही लिहिले. दोष माणसाचा नाही, काहीही न करता दहा तास सावध राहायला सांगणाऱ्या कामाचा आहे. एका माणसाने सलग पाऊण तासापेक्षा जास्त बसू नये, पाळी बदलायला दुसरा हवा. साहेब म्हणाले, स्वतःची शोभा कशाला करून घेताय, तेवढी ओळ काढा. बाईंनी काढली नाही.

नियम करणाऱ्या समितीने अहवाल दोन महिने ठेवून घेतला. मग नियमांना एक पानभर जोड आली. पाऊण तासाची पाळी, गाडीत दोन माणसं, आणि बसणाऱ्याची वेगळी परीक्षा. कंपनीने आधी कुरकुर केली आणि मग चार माणसं नेमली.

इंजिनियर पुन्हा परीक्षेला आला. चाळिसाव्या मिनिटाला बाईंनी बटण दाबलं. तीन सेकंद. त्याने पुढची तीन वळणं स्वतःच गाडी चालवली, तीही बरी चालवली. बाईंनी सही केली आणि सांगितलं, शिक्का दोन नंबरच्या खिडकीवर मिळेल, जेवायच्या सुट्टीआधी जा.