चार वाजताचा आकडा

दहापैकी दोन. हा आकडा मी लिहिला होता. बाईंनी तो कधीच सांगितला नव्हता. सलग तीन दिवस मी त्यांच्या फायलीत दोन लिहीत गेलो, आणि माझ्या त्या दोनमुळे हवं ते औषध त्यांना मिळालं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच लोकांवर चिडणार आहे. त्या रांगेत पहिला मी आहे हे वाचणाऱ्याला माहीत असावं.

कोल्हापुरातल्या एका इस्पितळात हाडांच्या वॉर्डात मी ब्रदर आहे. वीस-बावीस वर्षं झाली या कामाला. काही वर्षांपूर्वी आमच्या मोठ्या डॉक्टरांनी एक अभ्यास हाती घेतला. ऑपरेशननंतर रुग्णाला किती दुखतं ते रोज मोजलं, तर औषध वेळेवर आणि पुरेसं देता येतं का, हे त्यांना पाहायचं होतं. विषय चांगला होता, आजही म्हणतो. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. तुमचं किती, एवढंच विचारायचं. आकड्यांत बोलता न येणाऱ्यांसाठी कागदावर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा तोंडं काढलेली होती. तीनपर्यंत आकडा असला तर नेहमीच्या गोळ्या. चार किंवा जास्त झाला की डॉक्टरांना फोन आणि जोराचं औषध.

सूचनांच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: रुग्णाला एकट्याला विचारा. वेळ मात्र माझ्यावर सोडली होती. मी दुपारचे चार ठरवले. ड्रेसिंगं आटोपलेली असतात, चहा प्यायला जरा उसंत असते. आणि बरोबर चार वाजताच भेटायला येणाऱ्यांसाठी वॉर्डाचं दार उघडतं.

आमच्याकडे आजारी माणसाला बघायला जाणं म्हणजे काय असतं, ते मला चांगलं ठाऊक होतं. जयसिंगपूरचे पावणे, गारगोटीचे पावणे, गल्लीतली माणसं. केळी, बिस्किटांचे पुडे, शहाळी. एका खाटेभोवती आठ-नऊ जण. त्यांच्यासमोर आजारी बाईनं एकच वाक्य बोलायचं असतं, "बरं हाय." व्याही समोर उभे असताना "दुखतंय" म्हणणारी बाई मी आजवर पाहिलेली नाही. माझी आईसुद्धा हेच करायची. हे सगळं माहीत असताना मी चारच वाजता विचारत होतो.

त्या बाई साठीच्या पुढच्या, गडहिंग्लजच्या पलीकडच्या, सीमेलगतच्या गावातल्या. घरात कन्नड, बाजारात मराठी. सून त्यांना अव्वा म्हणायची, म्हणून आम्हीही अव्वाच म्हणू लागलो. घरी चार म्हशी, आणि दोन्ही वेळची धार अव्वाच काढायच्या. गुडघा बदलून घ्यायला त्या तयार झाल्या त्या एवढ्यासाठीच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "धारंला बसता ईल न्हवं मला?"

"उकिडवं न्हाई, पण स्टुलावर बसून येईल की," मी म्हणालो. "व्यायाम तेवढा करायचा."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता मी खाटेपाशी गेलो. मुलगा, सून, व्याही, विहीण, आणखी चार माणसं.

"अव्वा, सोसतंय न्हवं?" मी विचारलं.

हा प्रश्न पुन्हा वाचा. किती दुखतंय, असं मी विचारलंच नाही. आम्ही सगळेच असं विचारतो. "सोसतंय न्हवं" म्हटलं की समोरच्याला "व्हय" म्हणण्यावाचून वाटच उरत नाही, आणि आपलं काम अर्ध्या मिनिटात संपतं.

"बरं हाय," अव्वा म्हणाल्या.

"आमची आई म्हंजे दगड हाय ओ ब्रदर," मुलगा अभिमानानं म्हणाला. "म्हशीनं लाथ घातली तरी हूं न्हाय की चूं न्हाय."

मी तोंडांचा कागद पुढे केला. तो अव्वांपर्यंत पोचलाच नाही. व्याह्यांनी मध्येच घेतला आणि रडक्या तोंडावर बोट ठेवलं. "ह्यो आमच्या ग्रामसेवकागत दिसतोय बघा, साहेब तपासणीला आल्यावर!" सगळे हसले. अव्वाही हसल्या. मीही हसलो, आणि दोन लिहिले.

पलीकडच्या पुरुषांच्या वॉर्डात गळपट्टीचं हाड मोडलेला एक तरुण ठेकेदार होता. त्याला विचारलं, किती? तो ओरडला, "दहापैकी बारा! लिवा की, बघताय काय?" त्याला अर्ध्या तासात इंजेक्शन मिळालं. त्याला दुखत नव्हतं असं मी म्हणत नाही. पण त्याचं ओरडणं आम्ही दुखणं म्हणून ऐकलं, आणि त्याच आठवड्यात बायकांच्या वॉर्डात एक जण ओरडली तेव्हा आमच्यातलाच एक म्हणाला, "नाटकं सुरू झाली." मग बाईनं करायचं काय? गप्प बसली तर दुखत नाही, ओरडली तर नाटक.

तिसऱ्या दिवशी वॉर्ड झाडणाऱ्या मावशींनी मला बाजूला घेतलं. "ब्रदर, त्या अव्वाचा पदर बघा जरा. चावून चावून भोक पडलंय. पावणं गेलं की भिताडाकडं तोंड करून चावत बसत्यात."

मी काय उत्तर दिलं ते लिहायला हात कचरतोय. "मावशी, आमच्या कागदावर पदराचा रकाना न्हाई," मी म्हणालो. त्या बादली उचलून गेल्या. शिकलेला मी होतो, पण रुग्णाकडे पाहिलं होतं त्यांनी. त्या दिवशीही मी दोनच लिहिले.

व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या की अव्वा गुडघा वाकवायच्या नाहीत. ओठ पांढरे पडायचे. "अव्वा, दुखणं दोनच आहे तुमचं, उगाच घाबरताय," त्या फाईल बघून म्हणायच्या. त्यांचाही काय दोष? त्यांच्या हातात माझाच आकडा होता.

दीड महिन्यानं अव्वा दाखवायला आल्या. गुडघा जेमतेम थोडा वाकत होता. मोठ्या डॉक्टरांनी फाईल उघडली. "दुखणं तर दोनच होतं. मग व्यायाम का नाही केला?" आणि सुनेकडे वळून, "तुम्ही लक्ष दिलं नाही." सुनेनं मान खाली घातली. अव्वांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी फाईल धरून उभा होतो. बोललो नाही. लिहिण्यातली चूक आळसाची होती, ही भित्रेपणाची.

पुढच्या महिन्यात अभ्यासाचे निष्कर्ष सभागृहात पडद्यावर आले. त्यांत एक वाक्य होतं, की आपल्या ग्रामीण स्त्रियांची वेदना सोसण्याची ताकद मोठी आहे. टाळ्या पडल्या. कुणीतरी कौतुकानं "वा" म्हणालं. माझं डोकं भणभणलं. ताकद कसली? तो माझा दुपारचा चहा होता, व्याह्यांचा विनोद होता, चावलेला पदर होता. ज्या बायकांना आम्ही औषध दिलं नाही, त्यांच्याच सोसण्याला आम्ही टाळ्या वाजवत होतो! त्या टाळ्यांनी पुढच्या कितीतरी जणींची औषधं कमी झाली असती.

सभा संपल्यावर मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. चार वाजता विचारलं, पावण्यांसमोर विचारलं, कित्येकदा विचारलंही नाही, अव्वांचे दोनही माझेच.

"म्हणजे हे आकडे गेले?"

"मी लिहिलेले सगळे गेले, सर."

ते चिडले, आणि चिडायलाच हवं होतं. पण मग फाईल मिटून म्हणाले, "मीही त्या बाईला रागावलो रे." निष्कर्षांतलं ते ताकदीचं वाक्य त्यांनी काढून टाकलं. विचारण्याची वेळ सकाळची झाली, खाटेभोवती पडदा ओढून. मावशींची मी वॉर्डातच, सगळ्यांदेखत माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझं ऱ्हाऊ द्या. तिच्याकडं जावा."

तिच्याकडे जायला मला आणखी दोन महिने लागले. एका रविवारी गडहिंग्लजची एसटी धरली, पुढे वडापच्या जीपनं गावात उतरलो. अव्वा सोप्यात खुर्चीवर बसल्या होत्या, पाय सरळ पुढे. गोठ्यात दोनच म्हशी होत्या. बाकीच्या दोन अव्वांच्या जावेकडे बांधल्या होत्या. धार आता सून काढायची. मुलगा डेअरीला गेला होता. सून चहा ठेवायला आत गेली, तोवर मी हवापाण्याचंच बोललो. मग खुर्ची जवळ ओढली.

"अव्वा, इस्पितळात तवा किती दुखत हुतं?"

"ते रडकं तोंड हुतं न्हवं तुमच्या कागदावर? शेवटचं? त्येच हुते मी. तिन्ही दीस."

मग सांगितलं का नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

"मला एकटीला कुणी इचारलंच न्हाय," त्याच म्हणाल्या.

"इचारायचं काम माझं हुतं, अव्वा. मी पावण्यांम्होरं इचारलं आणि तुमच्या नावावर दोन लिवलं. डॉक्टर तुमास्नी बोललं, तवा समोर उभं ऱ्हाऊनबी मी तोंड उघडलं न्हाई. तुमचा पाय वाकत न्हाई ह्यात तुमची चूक न्हाई, सुनंची न्हाई. माझी हाय. मला माफ करा."