नर्मदाबाईंचा तळ्याकाठचा स्वयंपाक

नर्मदाबाई आमच्या धारच्या घरी एकोणीस वर्षं स्वयंपाकाला होत्या. वरण असं करायच्या की पाहुणे मुक्काम वाढवायचे, म्हणून आमच्या आत्याबाई त्यांच्यावर जरा नाराजच असत. नर्मदाबाई हसायच्या मात्र क्वचित. का, ते मला ठाऊक आहे. मी सात वर्षांची होते आणि माझ्या देखत झालं ते.

प्लेगात नवरा गेला तेव्हा त्या विशीच्या असतील. लाल आलवण नेसलेल्या, कडेवर दीड वर्षाची दुर्गी, अशा त्या आमच्याकडे आल्या. पुढच्या माघात देवासला काकांकडे मुंज निघाली. दुर्गी चार दिवस तापली होती, छाती घरघरत होती. तिला मागे ठेवायचं ठरत होतं. पण देवासला एक नावाजलेले वैद्य होते, त्यांना दाखवायचं म्हणून नर्मदाबाईंनी माझ्या वडिलांचे, तात्यांचे, पाय धरले आणि पोरीला गाडीत घेतलं.

पाच बैलगाड्या होत्या. तिसऱ्या दिवशी, इंदूर मागे पडल्यावर, एका तळ्याशी जेवणाला थांबलो. वाट असो की घर, सोवळ्यात रांधून देवाला दाखवल्याशिवाय आमच्यात कुणी घास घेत नसे. नर्मदाबाई तळ्यात बुडी मारून ओलेत्यानंच तीन दगडांच्या चुलीशी बसल्या. त्यांनी आता कपड्यातल्या पोराला शिवायचं नाही. शिवल्या तर पुन्हा बुडी, रांधलेलं टाकायचं आणि सगळं पहिल्यापासून. वीस माणसं भुकेली होती.

दुर्गी गाडीत माझ्याशेजारी. आई दिसली तशी ती रडायला लागली. रडता रडता खोकायची, ओठ निळे पडायचे. तात्या बेचैन झाले. मग आत्याबाईंनी तोड काढली. उघडं पोर सोवळ्याला चालतं, तेव्हा कपडे काढून द्या आईजवळ. धाबळीत गुंडाळलेलंही चाललं असतं, लोकरीला विटाळ नसतो. पण धाबळी एकच, ती जपाची, आणि ती आत्याबाईंच्या खांद्यावर. मागायचं कुणाला सुचलं नाही. सुचलं असलं तरी कुणी बोललं नाही.

कपडे मीच काढले. कुंची, बंडी, आतलं झबलं. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि तळ्यावरून वारा असा की माझेच दात वाजत होते. मानाजी गाडीवान बैल सोडता सोडता म्हणाला, "बई, छोरी के ढाँकी दो, हवा ठंडी हे."

"भिया, तुम्ही आपले बैल बघा," आत्याबाई म्हणाल्या.

नर्मदाबाईंनी एकदा भाताकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. मग हात पुढे केले. दुर्गी ओल्या लुगड्याला चिकटली आणि गप्प झाली. बघा, कशी शांत झाली, असं सगळ्यांनी म्हटलं. एका हातानं पोर, एका हातानं पळी, असा तासभर स्वयंपाक चालला. भात उत्तम झाला होता. मी दोनदा मागून घेतला.

पुढच्या वाटेवर मिळेल ते पांघरूण घातलं तरी पोर काकडतच राहिली. दिवेलागणीला देवासला पोचलो. वैद्य घरीच होते. त्यांनी नाडी धरली आणि हात हळूच खाली ठेवला.

"ही ओली केव्हा झाली?" त्यांनी विचारलं.

तात्या आत्याबाईंकडे बघायला लागले, आत्याबाई माझ्याकडे. नर्मदाबाई पोरीला झबलं घालत होत्या.

तीन दिवसांचं सुतक धरलं. गोठ्याजवळच्या खोलीत त्या एकट्या बसून होत्या. जेवणाचं पान लांबूनच सरकवायचे. मुंजीला दुसरी बाई आणली, तिचं वरण पांचट झालं म्हणून आत्याबाई दिवसभर कुरकुरल्या.

चौथ्या दिवशी पहाटे नर्मदाबाई अंघोळ करून ओलेत्यानं चुलीशी येऊन बसल्या. आत्याबाईंनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "जमेल ना आज?"

नर्मदाबाईंनी फुंकणी उचलली. "जमेल की. आता मध्ये रडायला कोण आहे, आत्याबाई?"