दसऱ्यापासून अडलेला बॅकअप

माझी धाकटी जाऊ शेजारच्या वरवे गावची. लग्न होऊन आली आणि वर्षाच्या आत आमच्या नसरापूरच्या फोटो स्टुडिओत तिनं एक काळी पेटी आणून बसवली. पेटीच्या पोटात दोन हार्ड डिस्क, मागून राउटरला जोडलेली वायर. संध्याकाळी कॉम्प्युटरमधले त्या दिवसाचे फोटो आपोआप पेटीत जाऊन बसायचे, म्हणजे उद्या कॉम्प्युटर बिघडला तरी फोटो राहावेत. तिच्या आधी इतकी वर्षं हाच बॅकअप मी सुट्या डिस्कवर हातानं घेत होते की! त्याचं कधी कुणी नावही काढलं नाही. पेटी आली, तर सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटानं दाखवायच्या, "ही आमच्या धाकटीची पेटी. लई डोकं हाय पोरीला."

ती वाईट होती असं नाही. मला तिचा हेवा वाटायचा, सरळच सांगते. ती हसली की गिऱ्हाईक हसायचं. मी हसले की गिऱ्हाईक दर कमी करून मागायचं. त्यात तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला ह्यांनी जेवताना सहज सांगून टाकलं, "ह्या सीझनपासनं कॉम्प्युटर धाकटीकडं देऊ. तू काउंटर बघ."

माझा घास तोंडातच राहिला. त्या खुर्चीत बसून मी भोर-वेल्ह्यातल्या कितीतरी नवरदेवांच्या कपाळावरचा घाम पुसलाय, करवल्यांच्या डोळ्यांखालचं काळं काढलंय. ती खुर्ची गेली, तर दुकानात माझं म्हणून उरणार काय होतं?

आणि नेमकी तेव्हाच कॉम्प्युटरची डिस्क कटकट आवाज करायला लागली. पेटीत बघावं, तर दसऱ्याच्या आधीपर्यंतचेच फोटो. त्यानंतर रोजचा बॅकअप फेल. पालीच्या एका घरचा साखरपुडा तर फक्त त्या कटकटणाऱ्या डिस्कवर होता. तो मी लगेच सुट्या डिस्कवर उतरवून घेतला, माझ्या जुन्या पद्धतीनं आणि सगळ्यांना दिसेल असा. धाकटीचा चेहरा पडला होता. मला आतून जिलेबी खाल्ल्यासारखं वाटत होतं.

तिनं सगळं करून पाहिलं. पासवर्ड नव्यानं टाकला. पेटीत जागा आहे का बघितलं, भरपूर होती. वायर बदलली. कॉम्प्युटर आपला एकच सांगायचा, पेटी सापडत नाही. पेटीचे दिवे तर समोर लुकलुकत होते.

"ताई, मला तर कायच कळंना झालंय," ती म्हणाली.

"व्हय का," एवढंच म्हणून मी चहा ठेवायला गेले.

चहा उकळेपर्यंत माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, दसऱ्यापासूनच का? मग आठवलं. खंडेनवमीला सासूबाईंनी दुकानातली सगळी यंत्रं काढायला लावली होती. कॅमेरे, प्रिंटर, पेटी, अगदी राउटरसुद्धा. सगळं पुसून पाटावर मांडलं, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या आणि दुसऱ्या दिवशी परत जोडलं. आता राउटरची रीत अशी, की जोडलेल्या प्रत्येक यंत्राला तो एक नंबर देतो, आणि बंद करून परत लावला की कधीकधी तो नंबर बदलतो. पेटीचा बदलला असणार. बॅकअप बिचारा रोज जुन्या नंबरवर जाऊन हात हलवत परत येत होता.

दुपारी दुकानात कुणी नसताना मी कॉम्प्युटरवर राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं. पेटीला खरंच नवा नंबर मिळाला होता. तो बॅकअपच्या सेटिंगमध्ये घातला आणि राउटरमध्ये पेटीच्या नावावर कायमचा करून टाकला, म्हणजे पुढच्या दसऱ्याला पुन्हा हा घोळ नको. हिरवी पट्टी सरकायला लागली. धाकटी मागं येऊन कधी उभी राहिली ते मला कळलंही नाही. सरकणारी पट्टी बघून ती काउंटरकडं वळली. मी मात्र घरी जाईपर्यंत, हे सगळ्यांना कुठल्या आवाजात सांगायचं ते ठरवत होते.

रात्री ताटं वाढली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात धाकटीच सासूबाईंना म्हणाली, "आत्या, बॅकअप सुरू झाला बरं का. मला न्हाई जमलं. मी नुसतीच झटत बसले, ताईंनी बरोबर शोधलं. कॉम्प्युटर त्यांच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

"बरं, मग तूच बघ," हे मला म्हणाले. खुर्ची राहिली.

सासूबाईंनी धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला. "केवढं मन हाय पोरीचं! दुसरी कुणी असती, तर गप बसली असती."

मी भाकरी मोडत राहिले. सासूबाई खरंच बोलत होत्या. तिच्या जागी मी असते तर गप्पच बसले असते, आणि ह्याच गोष्टीसाठी मला तिचा सगळ्यात जास्त हेवा वाटला.